आयफेलच्या वाटा आणि आपल्या पाखाड्या

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगत, आयफेल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. डोंगराळ म्हटले तरी सह्याद्री पाहिलेल्या माणसाने तेथे कडे आणि सुळके शोधू नयेत. होहे आख्ट हा तेथील सर्वांत उंच माथा अवघा ७४७ मीटरचा आहे, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. एकामागून एक उतरत जाणारी टेकाडे, त्यांच्यावर दाट झाडी आणि खालून वळणे घेत जाणारी नदी, अशी ही भूमी आहे. नोकरीनिमित्त मी शेजारच्या आखेन शहरात राहते आणि सुट्टीच्या दिवशी बसने या डोंगरांत जाऊन चालते. राजापूरच्या माझ्या माणसांना तेथील निसर्गापेक्षाही तेथील वाटांविषयी सांगावे, असे फार दिवस मनात होते.

या प्रदेशातील मुख्य वाट आयफेलश्टाइग या नावाने ओळखली जाते. आखेनच्या कोर्नेलिम्युन्स्टर या उपनगरातून निघून ती ३१३ किलोमीटरवरील ट्रिअर शहरापर्यंत जाते. २००९ मध्ये ती खुली झाली आणि तिचे १५ टप्पे पाडलेले आहेत. सगळी वाट एका दमात चालणारे थोडे. बहुतेक लोक एखादा टप्पा किंवा त्याचा अर्धा भाग चालतात, आणि सकाळी एका गावात बसमधून उतरून संध्याकाळी दुसऱ्याच गावातून परततात. मला सर्वांत आवडतो तो मोन्शाउ ते आइनरूर हा सुमारे २४ किलोमीटरचा टप्पा. मोन्शाउ हे लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे गाव रूर नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले आहे. (कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेली रूर ती वेगळी; ही नदी पुढे नेदरलँड्समध्ये मास नदीला मिळते.) गाव सोडले की वाट नदीची सोबत धरते, कधी पाण्याच्या अगदी जवळून तर कधी वर चढून झाडीतून जाते. चढ असतात, पण गुडघे धरून बसावे असे क्वचितच. एप्रिलच्या अखेरीस बीचच्या झाडांना नवी पालवी येते तेव्हा पाने इतकी पातळ असतात की ऊन त्यांच्यातून गाळून खाली उतरते आणि पायाखालची गेल्या वर्षीची तांबूस पाने ओली असूनही उजळ दिसतात.

मोन्शाउजवळच्या पेर्लेनबाख आणि फुर्ट्सबाख या ओढ्यांकाठच्या कुरणांत याच महिन्यात रानटी नर्गिसाची पिवळी फुले लाखोंनी उमलतात. या कुरणांची हकिगत कोकणातल्या माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. लोखंडाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या कोळशासाठी आयफेलचे मूळ रान शतकानुशतके तुटत राहिले. १८१५ नंतर हा मुलूख प्रशियाच्या ताब्यात आला आणि उघड्या पडलेल्या माळांवर स्प्रूस या झपाट्याने वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाची लागवड सुरू झाली. तेथील लोक त्याला अजूनही ‘प्रशियाचे झाड’ म्हणतात. पुढे गवताला किंमत उरली नाही तेव्हा ओढ्याकाठच्या कुरणांतही स्प्रूसच लावला गेला, आणि त्याच्या गर्द सावलीत नर्गिस मागे हटला. अलीकडच्या दशकांत ही झाडे काढून कुरणे पुन्हा मोकळी केली गेली. आता फुलांचे बी पडून गेल्यावरच तेथे गवताची कापणी होते, आणि फुले परतली आहेत. डोंगरमाथ्यावर लावलेला स्प्रूस मात्र २०१८ ते २०२० या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी खचला. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी उभी राने वाळवली. आपल्याकडे सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, मिश्र रान साफ करून सलग एकाच जातीची कलमे लावलेली पाहताना मला ही वाळलेली राने आठवतात आणि काळजी वाटते.

आइनरूरच्या पुढे तलावांचा प्रदेश सुरू होतो. हे तलाव धरणांचे आहेत. उर्फ्ट नदीवरचे धरण १९०० ते १९०५ या काळात आखेनचे प्राध्यापक ओटो इंट्झे यांच्या योजनेनुसार बांधले गेले, आणि त्याचे पाणी केर्मेटर नावाच्या डोंगराच्या पोटातून बोगद्याने हाइमबाखच्या वीजगृहात नेले गेले. कोयनेचे पाणी पोफळीला कसे उतरते हे ठाऊक असलेल्या चिपळूणकरांना याचे नवल वाटणार नाही. रूरवरचे मोठे धरण १९३० च्या दशकातले असून पुढे त्याची उंची वाढवण्यात आली. त्यात २० कोटी घनमीटरांहून अधिक पाणी मावते. केर्मेटरच्या बीचवनासह हा सारा भाग २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे पडलेले झाड पडल्या जागी कुजू देतात, आणि त्याच्या खोडावर शेवाळ, अळंबी आणि बोटभर उंचीची नवी रोपे एकाच वेळी पाहायला मिळतात. तलावाकाठची वाट जवळजवळ सपाट आहे. तेथे बाबागाड्या ढकलणारे आईबाप आणि काठी टेकत चालणारी वृद्ध जोडपी भेटतात, आणि भेटणारा प्रत्येक जण नमस्कार करतो.

२०२१ च्या जुलैत मात्र याच शांत नद्यांनी थैमान घातले. १४ आणि १५ जुलैच्या पुरात उर्फ्ट आणि ओलेफ यांच्या संगमावरचे गेम्युंड गाव बुडाले, आणि शेजारच्या आहर खोऱ्यात १३० हून अधिक माणसे दगावली. आठवडा उलटतो न उलटतो तोच, २२ जुलैला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. परक्या गावातला चिखल पाहून झाल्यावर लगेच आपल्या बाजारपेठेतला चिखल फोनवर पाहणे किती जड जाते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. या वाटांवर अनोळखी माणूसही चुकत नाही, कारण प्रत्येक फाट्यावर झाडाच्या खोडावर किंवा खांबावर खूण असते. फाटा ओलांडला की थोड्या अंतरावर तीच खूण पुन्हा दिसते, म्हणजे आपण बरोबर चाललो आहोत याची खात्री पटते. या प्रदेशात १८८८ साली स्थापन झालेली आयफेलफेराइन ही संस्था आजही हे काम पाहते. तिचे स्वयंसेवक आपापल्या वाटेवरून फिरतात, फिकट झालेली खूण पुन्हा रंगवतात आणि खुणेवर आलेली फांदी छाटतात. कायद्याचीही साथ आहे: १९७५ च्या संघीय वनकायद्याने विरंगुळ्यासाठी वनात जाण्याची मुभा सर्वांना दिलेली आहे, मग वन सरकारी असो की खासगी. एक सूचना येथेच देऊन ठेवते. गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड आहे का हे नीट पाहावे लागते, कारण तेथील गोचिडीमुळे गंभीर आजार होऊ शकतात; आपल्या पावसाळी जळवा त्या मानाने पुष्कळ बऱ्या.

हे सगळे मी गावी आल्यावर काकांना सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे वाटा त्यांनी नव्याने केल्या, की होत्या त्याच?” बहुतेक जुन्याच होत्या, असे मी म्हटले. “मग आपल्याकडे काय कमी आहे? माणूस चालायचा थांबला की दोन पावसाळ्यांत रान वाट गिळतं, एवढंच.” त्यांचे म्हणणे खरे आहे. राजापूर बंदरातला माल एके काळी अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावर चढत असे. वाडीवाडीला जोडणाऱ्या पाखाड्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायवाटा, आहेत, पऱ्यावरचे, म्हणजे ओढ्यावरचे, साकव आहेत, देवराईच्या कडेने जाणाऱ्या वाटा आहेत, आणि वर सड्यावर कातळशिल्पे आहेत, ज्यांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली. मात्र आपण चालण्याचा विचार केला की गडाचा किंवा सुळक्याचाच करतो. खाडी आणि सह्याद्री यांच्या मधल्या या सौम्य उतारांवर, आजीला आणि नातवाला बरोबर घेऊन चालता येईल अशा वाटांना आपण वाटच मानत नाही, आणि डांबरी रस्ता आला की पाखाडी सोडून देतो.

काकांनी त्याच दुपारी वहीत आराखडा काढला. आमच्या वाडीपासून पऱ्या ओलांडून सड्यापर्यंतची पाखाडी आणि तेथून देवळामागून उतरणारी जुनी वाट यांवर प्रथम खुणा करायच्या. दोन ठिकाणी वाट खासगी कलमांच्या बागेतून जाते, तेथे मालकांशी ते स्वतः बोलणार आहेत. ग्रामपंचायतीला अर्ज माझ्या चुलतभावाने लिहिला आहे. पावसाळ्यात जांभा काळा पडतो, म्हणून रंग पांढरा घ्यायचा आणि देवराईतल्या झाडांना मात्र रंग लावायचा नाही, तेथे दगडावरच खूण करायची, असे ठरले आहे. काम भातकापणी आटोपल्यावर सुरू होईल.