हॅवलॉकवरचा रिकामा दिवस

नाशिक, गुरुवार, रात्री

अंदमानच्या सहलीत सगळ्यांत जास्त हाल होतात ते रिकाम्या ठेवलेल्या दिवसाचे. सेल्युलर जेल, नील बेट, हॅवलॉक बेट सगळं कागदावर बसवून झालं की एका तारखेपुढे 'आराम' लिहायचं आणि मग त्या आरामातच तीन पॉइंट घुसवायचे, ही आपली रीत. सेल्युलर जेलला नाशिककरांनी वेगळा, पूर्ण दिवस द्यावाच. सावरकरांचं भगूरचं घर बघितलेल्या माणसाला ती कोठडी घाईत बघवत नाही. पण तो दिवस निवांत नसतो, आणि नसावाही. निवांत दिवस हॅवलॉकवर काढावा. २०१८ पासून बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात.

पहिली गोम घड्याळाची. वेळ भारताचीच, पण बेट नाशिकच्या पूर्वेला जवळजवळ १९ रेखांश. डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, तिथे साडेपाचच्या सुमाराला. नाशिकला सहाला मावळतो, तिथे पाचलाच. आणि डोक्यावर येतो तो साडेबाराला नव्हे, तर सव्वा अकराच्या आसपास. म्हणजे 'दहाला नाश्ता, अकराला समुद्र' हा घरचा रविवारचा क्रम तिथे नेला की पोरं बरोबर भाजणाऱ्या उन्हात पाण्यात उतरतात आणि चारला चहा पिऊन निघेपर्यंत दिवस संपत आलेला असतो. त्यापेक्षा साडेपाचला उठावं, सहा ते नऊ पाण्याजवळ, साडेनऊ ते दीड सावलीत आणि अडीचला पुन्हा बाहेर. रात्री नऊला झोप आपोआप येते.

दुसरी गोम भरती-ओहोटीची. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, म्हणजे गोविंदनगर, विजयनगर भागात, बरीच हॉटेलं आहेत आणि 'खोलीतून समुद्र' म्हणून ती घेतली जातात. ओहोटीला तिथलं पाणी लांब मागे जातं आणि उरतात खडक, मेलेलं पोवळं आणि घोट्याएवढी डबकी. फोटो छान येतात, पोहता मात्र येत नाही. भरती दिवसातून दोनदा आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. त्यामुळे काल सकाळी आठला पोहलेल्या जागी आज नऊला जावं, हा हिशेब चालतो. कोकणात तिथीच्या पाऊणपट तास धरून भरती काढतात, दशमीला साडेसात वगैरे. तो आकडा अंदमानात लावू नये, कारण बंदर बदललं की वेळ बदलते. पोहोचल्या दिवशीच हॉटेलात किंवा जेट्टीवर भरतीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्यावी. उधाण आणि भांग मात्र कालनिर्णय बघून कळतं: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं नि जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमाराला फरक कमी. लहान मुलं बरोबर असतील तर भांगाचे दिवस सोयीचे.

आता पाण्याखाली बघायचा स्नॉर्कलिंगचा मास्क, कारण सकाळचा अर्धा आनंद त्यावर असतो आणि बहुतेकांचा बिघडतो तो इथेच. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा घ्यायचा. पाणी आत शिरलं की लोक पट्टा आवळतात, त्याने कड दुमडते आणि गळती वाढते. खरं कारण बहुधा कडेखाली अडकलेली केसांची बट, नाहीतर बाबांची मिशी. मिशीचा वरचा काठ आदल्या रात्री बारीक करावा, याला दुसरा उपाय नाही. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो घरीच टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुऊन काढावा, नाहीतर काच धुक्याने भरते. पाण्यात जाताना बेबी शाम्पूचा एक थेंब पसरून खळबळून टाकला की पुरे. थुंकी लावली तरी तेच काम होतं, पण आजीसमोर नको. मुलांनी आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, चेहरा बुडवून, स्नॉर्कलच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायची सवय करावी. नाहीतर ती नाकाने श्वास घ्यायला बघतात आणि घाबरतात.

सनस्क्रीनची ५० मिलीची एक ट्यूब चौघांत नेणं म्हणजे गंमतच. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३० मिली लागतं, म्हणजे सहा छोटे चमचे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. खर्च परवडत नाही म्हणून पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावेत. मग फक्त चेहरा, मान, हातांचे पंजे आणि उघडे पाय उरतात. पोटरीची मागची बाजू हमखास विसरते, आणि पालथं तरंगताना वर तीच असते.

दुपार ही खरी सुट्टी. बेटावर बंगाली वस्ती मोठी, त्यामुळे डाळ-भात-मासे कुठेही मिळतात. मोहरीच्या तेलाचा वास नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं. नाशिकचा चिवडा नेलात तर किलोची पिशवी नेऊ नका. तिथल्या दमट हवेत उघडलेला चिवडा बघता बघता सादळतो, म्हणून एका बैठकीत संपतील एवढ्या छोट्या पुड्या घरूनच बांधून न्याव्यात. पाणी मात्र तहान लागायच्या आधी प्यावं. घाम वाळत नाही म्हणून किती गेला ते कळत नाही. यूपीआयवर विसंबू नये, नेटवर्क गेलं की शहाळंही मिळत नाही. नोटा जवळ हव्यात.

अडीचला राधानगर. जेट्टीपासून १२ किलोमीटर, पश्चिमेकडे तोंड, म्हणून मावळतीला गर्दी तिथेच. रिक्षा परतीची ठरवूनच सोडावी, साडेपाचला अंधार पडतो आणि मग भाव आपला राहत नाही. वाळू मऊ, तळ सपाट. तरी जीवरक्षक दिसेल अशाच जागी उतरावं. किनाऱ्याच्या टोकाला जिथे ओढा समुद्राला मिळतो तिकडे पाण्यात जायचं नाही, फलक असो वा नसो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि अशी तोंडं त्यांना आवडतात. रामकुंडात डुबक्या मारलेल्यांना हे सांगताना जरा आवाज चढवावा लागतो.

संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात. तेव्हा काही वाटत नाही, खाज दुसऱ्या दिवशी सुटते आणि आठवडाभर टिकते. पाय उघडे ठेवून ओल्या वाळूत बसू नये, पायांना खोबरेल जाडसर लावावं, आणि चावलंच तर खाजवू नये, पू होतो. पोवळं आणि शंख खिशात घालायचे नाहीत. पोवळ्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात. मुलांना हे किनाऱ्यावरच सांगितलेलं बरं, तपासणीच्या रांगेत रडारड नको.

खोलीवर आल्यावर मास्क गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळत घालायचा, कपड्यांतलं मीठ लगेच काढायचं, चार्जिंगला फोन लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी बोट असेल तर आजीची मळमळीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बोटीत चढायच्या अर्धा-पाऊण तास आधी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली उपयोगाची नाही. जागा मधल्या भागातली मागावी, नाश्त्याला तेलकट पुरी नको, आणि फोनमध्ये डोकं घालणाऱ्याला सगळ्यांत आधी उलटी होते.