कोथिंबीर नको

"यात कोथिंबीर नाही?"

"नाही."

"लिंबू?"

"नको."

"मग राहिलं काय रे त्यात?"

2020 चा नोव्हेंबर. सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेली आई कोविडमुळे आमच्याकडेच अडकली होती. त्याच महिन्यात टॅको बेल या अमेरिकन फास्टफूड साखळीनं मेक्सिकन पिझ्झा बंद केला. त्याच्या खोक्यांना म्हणे अमेरिकेत वर्षाला 70 लाख पौंडांहून जास्त पुठ्ठा लागायचा. तो आता घरीच करायचा, असं मी ठरवलं होतं.

हा ना धड मेक्सिकन, ना धड पिझ्झा. 1985 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव पिझ्झाझ पिझ्झा होतं. मैद्याच्या दोन कुरकुरीत टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, मधे घोटलेले बीन्स आणि बीफ, वर लाल सॉस, चीज, टोमॅटोचे तुकडे. इकडे शिकायला आलेली शाकाहारी देशी पोरं "बीफऐवजी बीन्स" हे वाक्य बँकेत खातं उघडायच्या आधी शिकायची. मीही शिकलो. रात्री बारा वाजता, एका जुन्या कोरोलात चौघं कोंबून बसायचो आणि मांडीवरच्या खोक्यातून तो खायचो. सॉसच्या उरलेल्या पुड्या घरी न्यायच्या, महिनाअखेरीला भाताबरोबर संपवायच्या.

पहिल्या खेपेला पिंटो बीन्स रात्रभर भिजवले. हा राजम्याचा फिकट, ठिपकेदार चुलतभाऊ. कुकरला लावून पावभाजीच्या मॅशरनं घोटले. इथवर ठीक होतं. मग हात सवयीनं मिसळणाच्या डब्याकडे गेला. जिऱ्याची फोडणी, ठेचलेला लसूण, चिमूटभर धणेपूड. चव झकास आली आणि साफ चुकली. ती घट्ट उसळ होती. टॉर्टिया तेलात सोडली तर तीही पुरीसारखी टम्म फुगून बसली.

"अरे, टोचे मार की," आई म्हणाली. "नवरात्रात कडकण्यांना नाही का मारत?"

काट्यानं टोचे मारले. टॉर्टिया सपाट झाली, कडक झाली. आईचा तेवढाच सल्ला मी मानला.

कारण बाकीचे तिचे सगळे सल्ले पदार्थ सुधारण्याचे होते, आणि मला तो सुधारायचा नव्हता. हे फार अवघड असतं. आपल्या हाताला चव वाढवायची सवय. समोर शिळा भात आला तरी आपण त्याला फोडणी देऊन मोकळे होतो. इथे मात्र ताज्या लसणाचा सुगंधच आड येत होता. तिसऱ्या खेपेला लसणाची पावडर आणली, कांद्याची आणली. या दोन्ही माझ्या घरात कधीच नव्हत्या. सॉसला टोमॅटो प्युरी, बेताचं तिखट, जिरेपूड, व्हिनेगर आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. चीज पाकिटातलं, किसलेलं. चव जवळ आली, तरी काहीतरी उणं वाटत होतं.

मग लक्षात आलं, हा जरा जास्तच कुरकुरीत आहे. ओव्हनमधून काढला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात दहा मिनिटं कोंडून ठेवला. वाफेनं कडा मऊ पडल्या. खोकं घेऊन आम्ही दारातल्या गाडीत जाऊन बसलो. आई शाल गुंडाळून शेजारच्या सीटवर. पहिल्या घासालाच कळलं, हाच तो.

"बरा आहे," आई म्हणाली. तिच्या भाषेत याचा अर्थ नापास.

तो परत यावा म्हणून क्रिश जगीरदार नावाच्या भारतीय वंशाच्या तरुणानं ऑनलाइन मोहीम काढली होती. तिला दीड लाखाहून जास्त सह्या जमल्या आणि मे 2022 मध्ये मेक्सिकन पिझ्झा परत आला. लोकांनी तो इतका हाणला की काही दिवसांत माल संपला, आणि सप्टेंबरात तो कायमचा मेनूवर आला. तोवर आई साताऱ्याला परतली होती. मी उत्साहानं फोन करून ही बातमी दिली.

"हो का? आम्ही परवाच केला होता," ती म्हणाली. "कडकण्या लाटल्या, राजमा घोटला. शेजारच्यांना फार आवडला."

"आणि वरून?"

"कोथिंबीर. भरपूर."