गाडीच्या खोडी

दुपारी तीन वाजता ह्यूस्टनमध्ये घराबाहेर पडायचं नसतं, हे सुनेनं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तरी पडलो. समोरच्या घरापुढे एक जुनी हिरवी पिकअप उभी होती आणि तिच्या काचेला आतून पुठ्ठ्याचा तुकडा लावलेला होता. विकणे आहे, शेवरले 3100, सन 1951, आणि खाली किंमत. ती मी मनातल्या मनात रुपयांत केली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. पन्नास हजार डॉलरच होते.

एसटीच्या दापोडी वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेला माणूस गाडी डोळ्यांनी बघत नाही. मी हात मागे बांधून एक चक्कर मारली, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि मडगार्डवर बोटाच्या पेराने ठोकलं. ठण्. पुढे सरकून दारावर, पुन्हा ठण्. खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असती तर ‘थप्’ असा ओला आवाज आला असता. पत्रा अस्सल होता. मागच्या हौद्यात लाकडाच्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या, जशा तेव्हा असत तशाच. केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा. गाडी अशी देखणी की एकदम लग्नाच्या वरातीत घालावी.

तेवढ्यात मालक बाहेर आला. माझ्याच वयाचा, डोक्यावर टोपी, हातात थंड पाण्याच्या दोन बाटल्या. एक माझ्या हातात दिली आणि काही न विचारता त्यानं बॉनेट उघडलं. गाडीवाल्यांची भाषा एकच असते, फक्त माझं इंग्रजी थोडं मागं राहतं.

मूळ या गाडीला सहा सिलिंडरचं इंजिन. ब्याण्णव हॉर्सपॉवर, सहा व्होल्टची बॅटरी, हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे गेलं की इंजिन रडायला लागायचं, कारण मागच्या डिफरन्शियलचं गणितच माल ओढण्यासाठी मांडलेलं. आता तिथं एका अपघातात गेलेल्या सिल्व्हराडोचं, म्हणजे शेवरलेच्याच नव्या पिकअपचं, 5.3 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसलं होतं. ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, आणि एसी. एसीच्या जाळ्या डॅशबोर्डखाली अशा बेतानं लपवल्या होत्या की मी खाली वाकून शोधल्या. रेडिओचा चेहरा जुनाच, पण आत ब्लूटूथ. मागे बघायला कॅमेरा.

मला गंमत वाटली ती वेगळीच. आमच्याकडे चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जुनी आणि बॉडी नवी, हा धंदा आम्ही जन्मभर केला. हजारो मैल खाल्लेली चासी यायची, तिच्यावर नवा पत्रा, नवा लाल रंग, आणि बस पुन्हा परळी-पुणे करायला मोकळी. या माणसानं बरोबर उलटं केलं होतं: कातडी जुनी ठेवून आतडी बदलली. आमची बस आतून म्हातारी आणि बाहेरून नवरी. ही आतून पोरगी आणि बाहेरून आजी. जाता जाता सांगतो, आपल्याकडे 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका दिली, पण गाडी मूळ रूपात असली तरच. बॉनेट उघडताच ही बाद झाली असती.

मालक हौसेनं सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. टाकीही बदलली म्हणाला. या गाड्यांची पेट्रोलची टाकी 1949 पासून केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असे. त्यानं ती काढून मागे हौद्याखाली नेली. ‘आत पेट्रोलचा वास येत नाही आता,’ असं तो अभिमानानं म्हणाला.

आणि मला एकदम मामाच्या जीपचा वास आला.

मामाची जीप डिस्पोजलची. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली विलीज, मामापर्यंत ती कितव्या हातानं आली कुणास ठाऊक. त्यानं मागची बॉडी कापून तिथं सागाच्या फळ्यांचा हौदा बसवला होता, त्यात गुळाचे रवे भरून तो कोल्हापूरच्या मार्केट यार्डात न्यायचा. म्हणजे तीही पिकअपच, फक्त तेव्हा तो शब्द आमच्या गावात पोचला नव्हता. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं म्हणजे ड्रायव्हरनं उठायचं, गादी उचलायची आणि बसल्या जागेखाली नरसाळं लावायचं. काटा कधीच मेलेला, म्हणून वेळूची एक काठी असायची. ती आत बुडवून मामा उजेडात धरायचा, ओला भाग चार बोटं दिसला तर कोल्हापूर, दोन बोटं दिसला तर फक्त शेत. ती काठी धरण्याचा मान माझा. हुंगून हुंगून माझं डोकं दुखायचं, पण काठी मी कुणाला देत नसे.

स्टार्टर पायानं दाबायचा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नसे, पडलाच तर गिरणीसारखा करकरायचा. दुसरा गिअर आपोआप निसटायचा, म्हणून मामा त्याच्या दांड्याला गुडघा लावून बसायचा. त्याच्या सगळ्या धोतरांना एकाच जागी तेलाचा डाग.

ऊसाच्या एका वाईट वर्षी त्यानं ती विकायला काढली. निपाणीचा एक तंबाखूवाला विसार देऊन गेला होता आणि ठरल्या दिवशी उरलेले पैसे घेऊन आला. पैसे मोजायला पाच मिनिटं लागली असतील. पुढचे दोन तास मामा त्याला गाडीच्या खोडी सांगत होता.

‘पावणं, दुसऱ्याला गुडघा सोडायचा न्हाई. सोडला की उडतोय.’

‘सकाळी चोक वढायचा, पर पुरता न्हाई. निम्मा. पुरता वढला की रुसती.’

‘आणि पावसात उजव्या अंगाचा लाइट बंद पडला तर खाली उतरायचं आन् एक चापट द्यायची. जोरात न्हाई.’

चापट किती जोरात, हे त्यानं त्या माणसाच्या दंडावर मारून दाखवलं. पाहुणा ‘व्हय, व्हय’ म्हणत होता, त्याला निपाणी गाठायची घाई. मामीनं बॉनेटवर कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि डॅशवरचा जोतिबाचा फोटो मात्र काढून पदराखाली घेतला. मामानं मोजलेल्या नोटांतून एक काढून पाहुण्याला परत दिली, नारळासाठी. गाडी निघाली, वेशीपाशी दुसऱ्या गिअरचा आवाज आला, आणि मामा ओरडला, ‘गुडघाऽऽ!’

ऐकू गेलं नसणारच.

मी स्वतः आयुष्यात एकच गाडी विकली, एक स्कूटर. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, आरसी बुक दिलं, आणि घेणाऱ्या पोराला सांगायला लागलो की किक मारण्याआधी ती जरा आडवी करायची. ‘माहितीय काका,’ तो म्हणाला आणि आडवी करून, किक मारून गेलासुद्धा. मला जरा राग आलेला आठवतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला ती आडवी करायची हे माहीतच होतं, हे खरं. पण किती आडवी, ते मी सांगणार होतो. बायको म्हणाली, सुटलो. पान्ह्यांची पिशवी त्याला द्यायची विसरलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. विसरलो नव्हतो.

तर मी त्या टेक्सासवाल्याला विचारलं, ‘हिची खोड काय?’ इंग्रजीत मी काय शब्द वापरला ते सोडून द्या, त्याला कळायला दोनदा विचारावं लागलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, ‘काहीच नाही. किल्ली फिरवा आणि चला.’

किंमत त्याचीच तर होती. तरी हे म्हणताना त्याचा आवाज थोडा पडला असं मला वाटलं. उन्हाचंही असेल.

मी आत बसलो. सीट मऊ, एसी गार. पाय सवयीनं खाली चाचपडले आणि उजव्या पायाला ॲक्सिलरेटरच्या वर एक छोटं लोखंडी पेडल लागलं. मी बघताच ओळखलं. दाबलं. स्प्रिंग होती, पेडल खाली गेलं आणि वर आलं. झालं काहीच नाही.

मालक हसला. स्टार्टर आता किल्लीवर होता, ते कशालाही जोडलेलं नव्हतं. काढायचं राहिलं, म्हणाला. ज्यानं मडगार्डच्या खालच्या बाजूलाही रंग दिला होता, त्याचं काढायचं राहिलं! मी मान डोलावली. पान्ह्यांची पिशवी माझ्याही माळ्यावर आहे.

रविवारी गिऱ्हाईक आलं. डॅलसहून, पोरगेलासा माणूस, सोबत गाडी वाहून न्यायचा ट्रेलर. मी व्हरांड्यात चहा घेऊन बसलो होतो. सून म्हणाली, बाबा, आत या, ऊन आहे. मी म्हटलं, थांब जरा. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं. फोन जोडून गाणं लावलं, बंद केलं. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, कागदामागे सही झाली. मग तो पोरगा आत बसला, आणि काहीतरी विचारायला त्यानं पायाकडे बोट दाखवलं.

म्हातारा उघड्या दारात एका गुडघ्यावर बसला. टोपी काढून जमिनीवर ठेवली. एक हात पेडलवर, दुसऱ्यानं तो हवेत काहीतरी दाखवत होता: इथून दांडा असा यायचा, मग तो स्टार्टरला असा ढकलायचा, आणि पाय लगेच उचलायचा नाही, इंजिननं पकडेपर्यंत दाबून ठेवायचा. शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते, पण हात कळत होते. पोरगा मान हलवत होता आणि मधूनच ट्रेलरकडे बघत होता.

चहा गार झाला. मी आत आलो.