पट्टी वाहून गेली

जुलै 2012. मंत्रालयाला आग लागून महिना होत आला होता. मुंबईतल्या आमच्या कार्यालयात जो तो कागदांबद्दलच बोलत होता, कुठली फाईल जळाली, कुठली वाचली. त्याच आठवड्यात दमणगंगा-पिंजाळ नदीजोडसंबंधी बैठक होती. केंद्राचे अभियंते, गुजरातचे आणि आम्ही. मी शाखा अभियंता, म्हणजे जुन्या नोंदवह्या उचलून आणणं माझ्याकडे.

भुगड आणि खारगीहिल अशी दोन धरणं बांधायची, तिथून बोगद्यानं पाणी पिंजाळच्या नियोजित जलाशयात आणायचं आणि पुढे मुंबईला द्यायचं, असा हा प्रकल्प. मे 2010 मध्ये केंद्र आणि दोन्ही राज्यांचा सामंजस्य करार झाला होता. सविस्तर अहवाल पुढे 2014 मध्ये पूर्ण झाला. त्यात मुंबईसाठी वर्षाला 579 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी धरलं आहे, म्हणजे दिवसाला सुमारे 1,586 दशलक्ष लिटर. पण दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावून गुजरात, दादरा-नगरहवेली आणि दमणकडे जाते. खाली मधुबन धरण आहे. वर पाणी अडवायचं तर खालच्यांशी बोलावंच लागतं.

बैठक अडली ती एका सालावर. त्या साली एकूण पाऊस कमी, पण एक मोठा पूर आला होता. नदीच्या सगळ्या वर्षांचा येवा, म्हणजे वर्षभरात आलेलं पाणी, उतरत्या क्रमानं मांडला की 75 टक्के विश्वासार्हतेच्या, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी तेवढं पाणी मिळेल अशा रेषेवर नेमकं तेच साल येऊन बसायचं. एका वर्षाचा येवा बदलला की सगळा हिशेब हलणार. आमच्या तक्त्यात पुराच्या तीन दिवसांचा जो येवा होता, तो गुजरातच्या तक्त्यापेक्षा बराच जास्त. दोघांनीही तो अंदाजानं भरलेला. तासभर आवाज चढत राहिले.

मी मूळ नोंदवही उघडली. पावसानं कागद फुगलेला, निळी शाई पसरलेली. पूर यायच्या आदल्या दिवशीचं सकाळी 8 चं वाचन नीट लिहिलेलं. खाली तीन ओळी रिकाम्या आणि समासात लिहिलेलं, ‘पट्टी वाहून गेली.’ पट्टी म्हणजे पाण्याची उंची बघायला नदीत उभी केलेली मोजपट्टी. त्याखाली ती वाचून नोंद करणाऱ्या गेजवाचकाची सही.

मी वही टेबलाच्या मधोमध ठेवली. गुजरातचे वयस्कर अभियंता चष्मा काढून ती जवळ घेऊन वाचू लागले. सहीतलं नाव लावता लावता त्यांनी विचारलं, ‘हा माणूस आहे का अजून?’ हा प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मला त्याची फार लाज वाटली.

उपविभागातून नंबर मिळाला. ते गेजवाचक काका निवृत्त होऊन मोखाड्याकडच्या आपल्या पाड्यावर राहत होते. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, ‘पट्टी गेली बाई, पण पाणी कुठवर चढलं ते मी देवळाच्या पायरीवर छिन्नीनं कोरून ठेवलंय. कोणी विचारलंच नाही.’

खोली एकदम शांत झाली. मग केंद्राच्या साहेबांनी ठरवलं की तिन्ही पक्षांचा एकेक माणूस जाऊन पायरीची लेव्हल, म्हणजे त्या खुणेची उंची, घेईल आणि त्यावरून निघणारा येवा सगळे मान्य करतील. दोन्हीकडून माना डोलल्या. माझ्या नोकरीत मी पाहिलेला सगळ्यात चांगला निर्णय तो.

संविधानात पाणी राज्यसूचीत 17 व्या नोंदीत, आंतरराज्य नद्या केंद्रसूचीत 56 व्या. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं नेमायचा नदी मंडळ कायदा 1956 चा, पण त्याखाली एकही मंडळ आजवर उभं राहिलेलं नाही. म्हणून मला वाटतं, राज्यांनी एकाच वहीवर डोकं घालून बसणं हेच खरं नियोजन. नाहीतर लवाद नेमायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

पंधरा दिवसांनी लेव्हल आली. नवा येवा दोन्ही अंदाजांच्या मधे पडला, पण गुजरातच्या आकड्याच्या जास्त जवळ. आमचा तक्ता मी स्वतः दुरुस्त केला.

हे सांगायला काकांना फोन केला. ते खूश झाले. मग विचारलं, ‘धरण झालं तर ती पायरी पाण्यात जाणार ना बाई?’

बुडीत क्षेत्राचा नकाशा माझ्या टेबलावरच होता. ‘हो,’ मी म्हणाले.

‘किती पाणी राहील वर?’

मी आकडा सांगितला.

‘मीटरमध्ये नको. पट्टीवर कसं होईल ते सांगा.’

मी मनात हिशेब केला. ‘तुमची पट्टी एकावर एक अशी चार वेळा उभी केली, तर तेवढं.’

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.