एका घनमीटरमागे किती? प्लवक मोजण्याचा माझा अनुभव

प्रबंधासाठी मला प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहत जाणारे बारीक प्राणी, मोजायचे होते. जाळं ओढायचं, नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. पंधरा दिवसांत उरकेल असं वाटलं होतं, लागले तीन महिने.

पहिली ठेच पाण्याच्या हिशेबात लागली. जाळ्याच्या तोंडाचा व्यास 50 सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 0.196 चौरस मीटर. शंभर मीटर ओढलं की 19.6 घनमीटर पाणी गाळलं, असं मी वहीत मांडून ठेवलं होतं. पण प्लवक साचत गेले की जाळ्याची छिद्रं बुजतात आणि पाणी आत न शिरता बाजूने वळतं. तोंडाशी फ्लोमीटर (आत शिरणारं पाणी मोजणारं यंत्र) बांधला तेव्हा माझा आकडा किती फुगलेला होता ते दिसलं. आधीचे सगळे नमुने बाद केले. फार जिवावर आलं.

मग मोजणी. अख्खी बाटली कुणीच मोजत नाही. नीट ढवळून एक मिलिलिटर काढायचं आणि चौकोन आखलेल्या काचेत पाहायचं. यातलं ‘नीट ढवळून’ फार महत्त्वाचं. गोल गोल ढवळलं तर जीव एका ठिकाणी गोळा होतात, म्हणून हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता.

तरीही खरी अडचण पुढेच होती. एकाच जागी, अर्ध्या तासात जाळं तीनदा ओढलं, आणि एका नमुन्यात कोपेपॉड (झिंग्यांच्या कुळातले बारीक प्लवक) दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त! माझंच चुकतंय म्हणून मी पुन्हा पुन्हा मोजत बसले. शेवटी मार्गदर्शक बाईंनी हेन्सेन आणि हेकेल यांचा वाद वाचायला दिला.

व्हिक्टर हेन्सेन हे जर्मनीतल्या कील इथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. 1887 मध्ये ‘प्लँक्टन’ (प्लवक) हा शब्द त्यांनीच रूढ केला. पीठ चाळायच्या बारीक रेशमी कापडाची जाळी घेऊन 1889 मध्ये ‘नॅशनल’ जहाजातून ते अटलांटिकवर गेले. समुद्रात प्लवक बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात, तेव्हा थोड्या नमुन्यांवरून एकूण अंदाज बांधता येईल, ही त्यांची धारणा. पुढच्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी त्यावर सडकून टीका केली: प्लवक थव्यांनी असतात, असल्या मोजणीला अर्थ नाही.

थव्यांबद्दल हेकेल बरोबर होते, माझ्या तीन बाटल्या तेच सांगत होत्या. पण मोजणं सोडायला मी तयार नव्हते, आणि मला तर हेन्सेनच जास्त धाडसी वाटतात. मग प्रत्येक जागी पाचदा जाळं ओढायचं ठरवलं आणि वेळ बांधून घेतली, कारण अनेक कोपेपॉड रात्री वर येतात नि दिवसा खोल जातात. तक्त्यात सरासरीशेजारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त हे दोन्ही आकडे लिहिले. बाईंनी सगळ्यात आधी तेच दोन रकाने पाहिले.