आमची वाटचाल: तांबट आळी ते टॅकोमा

आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळे मठाराचं, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवायचं, काम करणारे, पुण्यातली कसबा पेठ, तांबट आळी. मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाला आलो आणि भांड्यांऐवजी छपरं करायला लागलो. पत्रा तोच, मोगरी (लाकडी हातोडा) पण आजोबांचीच, सीमरनी, म्हणजे पत्र्याच्या कडा दुमडणाऱ्या मशीननी, घडी घातली तरी शेवटचा हात तिचाच, मशीनला कोपरा कळत नाही.

तांबं महाग म्हणणाऱ्यांना मी युनियन स्टेशन, टॅकोमाचं जुनं रेल्वे स्टेशन, बघायला पाठवतो. १९११ चं, रीड अँड स्टेम या आर्किटेक्ट फर्मचं डिझाइन, वर तांब्याचा घुमट. १९८४ ला शेवटची पॅसेंजर गाडी गेली तोवर लक्ष न दिल्यानं छप्पर गळून आतलं काम पार खराब झालेलं. गावातले लोक मागे लागले म्हणून इमारत वाचली, दुरुस्त झाली, मागे नवी इमारत जोडली आणि १९९२ पासून तिथे फेडरल कोर्ट भरतं. घुमटाखाली काचकलाकार डेल चिहुलीचं काचकाम आहे, सगळे तेच बघतात, मी वरचे जोड बघतो.

२००९ च्या मंदीत आम्ही बुडालोच होतो. ज्या मुलाला मी डबल लॉक घडी (दोन पत्र्यांच्या कडा एकत्र दोनदा दुमडून केलेला जोड) हाताला धरून शिकवली तो बाहेर पडला आणि निम्म्या रेटनी माझीच गिऱ्हाइकं घेऊन गेला, पत्र्यात आरपार स्क्रू मारायचा, वरून सिलिकॉन फासायचा, आणि सांगत फिरायचा की मी लुटतो. ट्रक विकला, पत्रा वाकवायचं ब्रेक मशीन पण विकायला काढलं होतं. तेव्हा कोर्टातून रिटायर झालेल्या एका आजींनी पोर्चचं काम दिलं, सगळे पैसे आधी. म्हणाल्या, आमच्या ऑफिसचं छप्पर गळलं तेव्हा काय झालं ते मला माहितीय. त्यांनीच पुढे अख्ख्या गल्लीत माझं नाव सांगितलं. त्या मुलाची छपरं गळायला लागल्यावर लोक माझ्याकडे आले, पण लुटतो म्हणाले होते ते शब्द कुणी परत घेतले नाहीत, ते अजून लागतं.

नंतरची वर्षं बरी गेली.

तांबं उन्हात वाढतं, रात्री आकसतं, त्याला क्लीटवर (पत्रा छपराला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) सरकायला जागा ठेवा. गॅल्व्हनाइज्ड खिळा तांब्याला अजिबात लावू नका, पावसात खिळाच आधी गंजून जातो. पानगळीनंतर गटर साफ करा. आणि फोटोवरून रेट देणाऱ्याला काम देऊ नका, मी अजून स्वतः शिडी लावून वर चढतो.