छातीत चमक निघते: कूस बदलताना की जिना चढताना?

‘हालचाल केली की छातीत दुखतं’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. कूस बदलताना, सीट बेल्ट ओढताना किंवा खोकताना टोचल्यासारखं होणं ही एक. दोन जिने चढल्यावर छाती आवळून येणं आणि थांबल्यावर मोकळं होणं ही दुसरी. पहिलीत शरीर वळल्याने किंवा वाकल्याने दुखतं, दुसरीत हृदयाला जास्त काम पडल्याने. तेव्हा आधी स्वतःला हे विचारा: खुर्चीत बसल्या बसल्या नुसता हात फिरवून, कंबरेतून वळून ते दुखणं काढता येतं का? आणि हात न हलवता भराभर चाललं तर येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा दुखण्याकडे लोक बोट दाखवत नाहीत, छातीवर मूठ किंवा पंजा ठेवतात. भरपेट जेवून चालताना किंवा थंडीत पहाटे फिरताना ते लवकर येतं. जबडा, खांदा, हात, पाठ कुठेही पसरतं. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छाती फारशी दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि घरात ‘गॅस झालाय, सोडा घे’ सुरू होतं. बसूनही पाच मिनिटांत ओसरलं नाही, किंवा बसल्या जागी सुरू झालं, तर १०८ लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पाठीत फाटल्यासारखी कळ, अचानक दम लागणं, एका पायाला सूज, थुंकीतून रक्त, चक्कर, यालाही तोच नियम. आणि बसून काढलेला एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. हृदयाच्या झटक्याची शंका असेल तर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात, ती याचसाठी.

आता पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे बरगड्यांकडे. वरच्या सात जोड्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचिक हाडाच्या पट्टीने छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. हे जोड किंवा त्यांच्या आसपासच्या कूर्चा चिडल्या की त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. बहुतेकदा दुसरी ते पाचवी बरगडी सापडते. जागा शोधायची अशी: गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा, हाडावरून चार-पाच सेंटिमीटर खाली सरका. एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी. तिथून हाडाच्या कडेकडेने एकेक बरगडी खाली उतरा, डावी-उजवी सारख्याच जोराने दाबत. एका ठिकाणी ‘हेच ते’ असं नेमकं दुखणं उमटलं, तर छातीच्या भिंतीचं, म्हणजे बरगड्या, जोड आणि स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता वाढते. शक्यताच वाढते, खात्री होत नाही; हृदयविकार असलेल्यांचीही छाती दाबल्यावर दुखू शकते. वय चाळिशीपुढे, बीपी, शुगर, तंबाखू किंवा घरात कुणाला लवकर झटका आलेला असेल, तर बोटाच्या निदानावर थांबू नका. जागेवर डोळ्याला दिसणारी सूज असेल तर तो टिट्झ सिंड्रोम असू शकतो, कॉस्टोकॉन्ड्रायटिसमध्ये सूज नसते. आडवं पडलं की वाढणारं आणि पुढे वाकून बसलं की कमी होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाचं असू शकतं. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर कातडीवर रोज नजर टाका. नागीण पुरळ उठायच्या आधी काही दिवस नुसती दुखते.

भिंत दुखायला लागते कशाने? आठवडाभर चाललेला खोकला, वर्षभराच्या आरामानंतर पहिल्याच दिवशी मारलेले पन्नास जोर, छताला रंग देणं, एका हाताने उचललेला सिलिंडर, पलंगावर मांडी घालून लॅपटॉप. वयस्कर माणसात, हाडं ठिसूळ असतील तर, नुसत्या खोकल्याने बरगडीला तडा जाऊ शकतो आणि साध्या एक्स-रेत तो निसटूही शकतो.

हे बरं व्हायला वेळ का लागतो? मिनिटाला १२ श्वास धरले तरी दिवसाचे १७ हजारांवर होतात, आणि दर श्वासाला तो जोड हलतो. पायासारखं त्याला प्लास्टर घालता येत नाही. म्हणून आठवडे, कधी महिने. लोक नेमकं इथेच चुकतात: पट्टा घट्ट आवळतात (श्वास उथळ होतो, कफ साचतो), तेल लावून जोड रगडतात, आणि दिवसातून वीस वेळा ‘अजून दुखतं का’ म्हणून दाबून बघतात. शेवटची सवय सगळ्यात वाईट.

करायचं ते साधं आहे. १५ मिनिटं कोमट शेक, दिवसातून दोन-तीनदा. खोकताना उशी छातीशी धरा. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा. गोळी लागलीच तर आधी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अल्सर, किडनीचा त्रास, हृदयविकार किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर स्वतःच्या मनाने नको.

तीव्र कळ ओसरली की दाराच्या चौकटीत उभे राहा. दोन्ही हात चौकटीवर, कोपरं खांद्यापेक्षा थोडी खाली, एक पाय पुढे, आणि अंगाचा भार हळूच पुढे. २० ते ३० सेकंद, तीन वेळा. ताण काखेजवळच्या स्नायूत जाणवायला हवा. हाडाच्या कडेला टोचलं तर कोपरं आणखी खाली घ्या. बहुतेकांची कोपरं खांद्याच्या वर असतात आणि मग ‘व्यायामाने वाढलं’ म्हणतात. पाठ आखडलेली असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी पाठीच्या मध्यावर आडवी ठेवून, गुडघे दुमडून, डोक्याखाली उशी घेऊन पाच-सहा सावकाश श्वास. हाडं ठिसूळ असलेल्यांनी हा प्रकार टाळावा.

व्यायामाने होणारं दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत, एवढं चालतं. जोर पुन्हा सुरू करताना आधी भिंतीवर दहा, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. प्रत्येक पायरीला निदान एक आठवडा. डिप्स आणि बेंच प्रेस (जिममधले छातीचे जड व्यायाम) सगळ्यात शेवटी.